शेजारच्या आजींची रायफल: '१९०० सालची' म्हणता म्हणता १९३२ ची निघाली

(माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि घरगुती तपशील थोडे बदललेत. रायफलबद्दलचं मात्र जसंच्या तसं आहे.)

पार्श्वभूमी

पेनसिल्वेनियाच्या पूर्वेकडे, जुन्या कोळसाखाणींच्या पट्ट्यात आमचा एक मित्र राहतो, मूळचा नाशिकचा, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्याच्या शेजारी एक अमेरिकन आजी, ऐंशीच्या पुढच्या. आजोबा वारले, घर विकायला काढलं, आणि तळघर रिकामं करताना कपाटामागे कांबळ्यात गुंडाळलेली एक रायफल निघाली. आजोबांच्या वडिलांची, ते खाणीत होते. आजोबांनी स्वतः किती वापरली कुणाला माहीत नाही, पण दरवर्षी तेल लावून ठेवायचे एवढं आजींना आठवत होतं.

सोबत .३०-३० च्या काडतुसांचा एक अर्धा भरलेला खोका, आणि चाप-संरक्षक कडीला दोऱ्याने बांधलेलं एक टॅग. आजींनी आधीच एका दुकानात किंमत विचारून ठेवली होती, त्या दुकानाचं ते टॅग. त्यावर पेनाने लिहिलेलं, 'रेमिंग्टन ८१, .३०० सॅव्हेज', म्हणजे रेमिंग्टन कंपनीचं मॉडेल ८१ आणि काडतूस .३०० सॅव्हेज. दुकानदाराने म्हणे दोन मिनिटं बघितली आणि भाव सांगितला.

घरात यावर तीन मतं. आजींचा मुलगा म्हणतो १९०० सालची आहे, वर लिहिलंयच. नातू म्हणतो पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणली. दुकान म्हणतं ८१, म्हणजे १९३६ नंतरची. आजींना यातलं काहीच नको होतं, त्यांना फक्त ती रायफल ओहायोतल्या नातवाला द्यायची होती आणि देताना 'ही काय आहे' ते खरं सांगायचं होतं. मित्राला माझा जुन्या रायफलींचा नाद माहीत, म्हणून त्याचा फोन आला, दादा जरा येऊन बघतोस का.

अडचण नेमकी काय होती

वरवर बघता सोपं. रायफलवर नाव असतं, नंबर असतो, बघायचं आणि सांगायचं. इथे गोची अशी की कधीतरी कुणीतरी ही रायफल घासून पॉलिश करून परत निळी केली होती. निळी करणं म्हणजे लोखंडावर गंजरोधक निळसर-काळा थर चढवतात ते. घासताना सगळी अक्षरं अर्धी गेली. मॉडेलचा उल्लेख कुठेच वाचता येत नव्हता, काडतुसाचा आकडा पुसलेला, कंपनीच्या ओळीतून मधले मधले तुकडे शिल्लक. वर दस्ता (खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) बदललेला, जाडजूड, पिस्तूल पकडीचा (पकड पिस्तुलासारखी खाली वळलेली), हाताने घडवलेला, त्याचं लाकूड पुढच्या लाकडाशी जुळत नव्हतं.

तर प्रश्न तीन होते. कुठलं मॉडेल, कधीची, आणि काडतूस कुठलं. तिसरा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर तो पहिला विचारायला हवा, कारण पहिल्या दोघांत चुकलं तर फार तर किंमत चुकते, तिसऱ्यात चुकलं तर बोटं जातात.

पहिला निर्णय: हात कोणी लावायचा

हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. मित्र एच-वन-बी वर, म्हणजे कायद्याच्या भाषेत नॉन-इमिग्रंट. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार अशा व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं गुन्हा आहे, काही अपवाद सोडून. त्यातला एक नेहमीचा अपवाद म्हणजे कुठल्या तरी राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. मित्राकडे ना लायसन्स ना ग्रीन कार्ड, आणि आजी त्याला म्हणत होत्या की तुझ्या गाडीत टाक आणि दुकानात दाखवून आण. बिचारा शेजारधर्म म्हणून हो म्हणणारच होता.

मी फोनवरच सांगितलं, हात लावू नकोस, गाडीत ठेवू नकोस, तुझ्या घरी तर अजिबात नेऊ नकोस. 'अरे पण माझी नाहीये ना ती' हा बचाव इथे चालत नाही, मालकीचा प्रश्नच नसतो, ताबा बघतात. इमिग्रेशनच्या फाइलमध्ये असली भानगड आली तर पुढची दहा वर्षं निस्तरत बसायचं. त्याने कंपनीच्या वकिलाला विचारलं, त्याचंही हेच म्हणणं पडलं.

मग ठरलं असं की रायफल आजींच्या घरातून हलणार नाही, मी (नागरिक आहे) जाऊन आजींच्या समोर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बघणार, मित्र फोटो काढायला. पुढे बंदूक-कारागिराकडे न्यायची वेळ आली तेव्हा आजी स्वतः आल्या, गाडी त्यांची, मागे रायफल, पुढे मी चालवायला.

ही आहे तरी कोणती

सगळ्यात आधी रिकामी आहे का ते बघितलं. उजव्या बाजूचा खटका मागे ओढला तर एवढा जोर लागला की आजी म्हणाल्या नवऱ्याला पण असाच लागायचा. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) मागे जाऊन अडकला, आत बघितलं, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं, मॅगझिन (काडतुसं साठवायची पेटी) रिकामं. मग पुढचं.

पहिली खूण नळी. बाहेरून दिसते ती नळी नाहीच, तो एक जाड पोकळ नळा आहे आणि खरी नळी त्याच्या आत सरकते. गोळी उडली की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले दोघंही मागे येतात, तिथे सुटतात, नळी आधी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, मग बोल्ट नवीन काडतूस घेऊन पुढे. याला लाँग रिकॉइल म्हणतात. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, अमेरिकन पेटंट १६ ऑक्टोबर १९०० चं. शिकारी रायफलीत हा नळ्यातली नळी प्रकार दिसला की शोध एकदम आटोक्यात येतो.

तरी खात्रीसाठी बाकीच्यांना बाजूला सारत गेलो. त्या काळातल्या विंचेस्टरच्या सेल्फ-लोडिंग रायफली, १९०५, १९०७ आणि १९१० मॉडेल, या दिसायला ठोकळेबाज असतात पण त्यांच्या पुढच्या लाकडाच्या टोकाला एक दांडी बाहेर आलेली असते, ती दाबून रायफल भरतात. इथे तसं काही नाही, खटका उजवीकडे बोल्टलाच. शिवाय त्यांचं मॅगझिन सुटं निघतं, हिचं पोटातच बसवलेलं, पाच काडतुसांचं. रेमिंग्टनचीच ७४० आणि ७४२ 'वुड्समास्टर', १९५५ नंतरच्या, त्या गॅसवर चालतात, नळी उघडी आणि बारीक, मॅगझिन सुटं. त्याही गेल्या. बेल्जियमच्या एफएन कंपनीने हेच ब्राउनिंगचं डिझाइन थोड्या संख्येने बनवलं, पाच हजारांच्या आत, पण ती फक्त .३५ रेमिंग्टनमध्ये, आणि तिच्या नळ्यावर लांब पट्टी असते. इथे नळीचं तोंड उघड उघड .३० इंचाचं होतं.

उरल्या दोन. रेमिंग्टन मॉडेल ८ आणि मॉडेल ८१. आतून जवळजवळ एकच. आठ नंबर १९०६ पासून १९३६ पर्यंत, सुरुवातीला नुसतीच 'ऑटोलोडिंग रायफल' म्हणून विकली आणि १९११ मध्ये तिला ८ हा आकडा चिकटला. एक्क्याऐंशी १९३६ ते १९५०, तिलाही वुड्समास्टर म्हणायचे. म्हणून कुणी नुसतं वुड्समास्टर म्हणालं तर त्यावरून काही ठरवू नका, १९३६ पासून १९८० पर्यंत तीन वेगवेगळ्या रायफली त्या एका नावावर विकल्यात. (उजवीकडची सेफ्टीची लांब पट्टी बघून मित्र लगेच 'अरे ही तर एके-४७ सारखी' म्हणाला, आणि बरोबर आहे, दिसते तशी, फक्त हे डिझाइन चाळीस वर्षं आधीचं.)

बाहेरून ८ आणि ८१ ओळखायची सोपी खूण दस्ता. साध्या आठचा दस्ता सडपातळ, सरळ पकडीचा. एक्क्याऐंशीचा भरदार, पिस्तूल पकडीचा, पुढचं लाकूडही रुंद. दुकानदाराने बहुतेक जाड दस्ता बघितला आणि ८१ लिहून मोकळा झाला. पण हा दस्ता कारखान्याचा नव्हताच. रिसीव्हरला (मधला लोखंडी भाग, ज्यात बोल्ट चालतो) जिथे लाकूड टेकतं तिथे पोस्टकार्ड जाईल एवढी फट, आणि पुढचं लाकूड सडपातळ. म्हणजे मागचा भाग एक सांगतोय आणि पुढचा दुसरं.

इथे आजींनीच कामाची वस्तू काढली. एक फोटो, आजोबांचे वडील बर्फात उभे, पायाशी हरीण, हातात हीच रायफल, मागे पेन्सिलीने १९३८ लिहिलेलं. फोटोत दस्ता सरळ आहे! भिंगाखाली तर नळ्यावरची नेम धरायची मागची दृष्टी आणि पुढची माशी दोन्ही हिच्यासारख्याच. म्हणजे दस्ता १९३८ नंतर कधीतरी बदललाय. मॉडेल ८ कडे काटा झुकला, पण फोटोतली रायफल हीच कशावरून, हा प्रश्न राहतोच, म्हणून त्यावर थांबलो नाही.

दुसरा निर्णय: काडतूस अंदाजाने ठरवायचं का

नळी .३० ची. मॉडेल ८ मध्ये चार काडतुसं यायची, .२५, .३०, .३२ आणि .३५ रेमिंग्टन. ८१ मध्ये १९४० पासून .३०० सॅव्हेज पण. .३० रेमिंग्टन आणि .३०० सॅव्हेज दोघांची गोळी एकाच जाडीची, साधारण ७.८ मिलिमीटर, त्यामुळे नळीच्या तोंडात कितीही मोजा, फरक कळणार नाही. आणि घरात पडलेला खोका तिसऱ्याच काडतुसाचा, .३०-३० चा.

हा खोका फसवा होता. .३० रेमिंग्टन म्हणजे .३०-३० चाच जुळा भाऊ, ताकद तीच, फक्त मागच्या कडेला .३०-३० सारखी बाहेर आलेली किनार नाही. ही किनारवाली काडतुसं या मॅगझिनसाठी नाहीतच. आजींना विचारलं तर आजोबांकडे पूर्वी एक लिव्हरवाली विंचेस्टर होती, ती कधीच विकली, खोका तिचा राहिलेला. पण हे विचारल्याशिवाय कळलं नसतं, आणि नातवाने बंदूक आणि खोका एकत्र मिळाले म्हणजे जोडीच आहे असं धरलं असतं, कुणीही धरेल.

पर्याय दोन होते. एक, नळ्यावर लिहिलेल्या अक्षरांवर खडू घासून वाचायचा प्रयत्न करायचा. केला. '३०' आणि पुढे 'आर' सारखं काहीतरी, ते मला 'आर' दिसलं, मित्राला 'पी'. यावर कुणाचा हात पणाला लावायचा नसतो. दोन, चेंबरचा साचा घ्यायचा. त्यासाठी कारागीर लागतो, पैसे लागतात, आजींची एक चक्कर लागते. मुलगा फोनवर म्हणाला कशाला खर्च, एखादं काडतूस घालून बघा ना बसतंय का. याला नाही म्हणायला मला एक सेकंद लागला नाही. बसणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, मोठ्या चेंबरमध्ये बारीक काडतूस आरामात बसतं आणि फुटतंही.

कारागीर म्हातारा, शांत, बोलणं कमी. ही रायफल टेकडाउन आहे, म्हणजे पुढचं लाकूड काढून एक स्क्रू सोडवला की नळी आणि नळा मिळून पुढे निघून येतात, त्यामुळे साचा घेणं सोपं गेलं. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू असतो, साधारण ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही खाली. नळीत पुढे कापडाचा बोळा घट्ट बसवला, चेंबर कोरडं केलं, बारीक धारेने ओतला. याची गंमत अशी की गार होताना आधी किंचित आकसतो, म्हणून चिकटत नाही, अर्ध्या तासाच्या आत काठीने मागून ढकलला की चमकदार चांदीसारखा तुकडा हातात येतो, मग पुन्हा फुगायला लागतो आणि साधारण तासाभराने बरोब्बर चेंबरच्या मापाचा होतो. तेव्हाच मोजायचा. नंतर फुगतच राहतो. त्यामुळे तो तास कारागिराने घड्याळ समोर ठेवून काढला आणि आजींनी त्याला आजोबांच्या सगळ्या कुत्र्यांची नावं सांगितली.

माप आलं. बुडाशी पावणेअकरा मिलिमीटरच्या आसपास. .३०० सॅव्हेजचं बूड बारा मिलिमीटरला टेकतं, मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) अगदी आखूड आणि खांदा (जिथे काडतूस अरुंद होतं तो उतार) उभा असतो. इथे मान लांब, खांदा उतरता, एकूण लांबी बावन्न-त्रेपन्नच्या घरात. .३० रेमिंग्टन, शंका नाही. टॅग चुकीचं.

पण लक्षात घ्या, याने ८ की ८१ हे सुटलं नाही! ८१ सुद्धा .३० रेमिंग्टनमध्ये यायची. दुकानाचं अर्धं चुकलं म्हणून उरलेलं अर्धं आपोआप चुकत नाही.

तारीख कशी काढली

आता मुलाच्या १९०० कडे. टॉर्च जवळजवळ आडवा धरून, अक्षरांत पांढरा खडू भरून वाचलं तर नळ्यावर खरंच १९०० आहे. पण ते पेटंटचं साल. ब्राउनिंगच्या पेटंटच्या तारखा या रायफलींवर छापलेल्या असायच्या, १९०६ मध्ये बनलेलीवर असो की तीस वर्षांनंतरचीवर. ही रायफल बाजारातच १९०६ ला आली, त्यामुळे १९०० ची असूच शकत नाही. पेटंटची तारीख तुम्हाला एवढंच सांगते की वस्तू त्याच्या आधीची नाही. जुन्या बंदुका, शिलाई मशिनी, ग्रामोफोन, सगळीकडे लोक हाच घोळ घालतात.

मुलाच्या डोक्यात आणखी एक होतं, १९०० म्हणजे 'अँटिक', कागदपत्रांची कटकट नाही. अमेरिकन फेडरल कायद्यात अँटिकची रेघ १८९८ ला आहे, त्या वर्षी किंवा आधी बनलेली. मॉडेल ८ कितीही जुनी निघाली तरी त्या रेघेच्या अलीकडेच. हो, पन्नास वर्षांपेक्षा जुनी म्हणून 'क्युरिओ अँड रेलिक' (संग्राहकांच्या जुन्या बंदुका) मध्ये बसू शकते, पण तो प्रकार वेगळा आणि ती बंदूकच मानली जाते.

कंपनीच्या ओळीतून 'रेमिंग्टन', 'आर्म्स' आणि 'इलियन' एवढं लागलं. न्यूयॉर्क राज्यातलं इलियन, तिथला कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. 'यूएमसी' ही अक्षरं कुठे दिसली नाहीत. १९१० च्या दशकात कंपनी रेमिंग्टन-यूएमसी नावाने चालायची आणि १९२० च्या सुमारास ते गेलं. म्हणजे यूएमसी नाही तर एकतर अगदी सुरुवातीची किंवा १९२० नंतरची. अर्थात जिथे अर्धी ओळच घासून गेलीय तिथे 'दिसलं नाही' याला वजन कमीच द्यायचं.

खरं उत्तर मिळालं ते मळाखाली. नळ्याच्या डाव्या अंगाला, रिसीव्हरला चिकटून, तेल आणि धुळीचा वाळून काळा झालेला थर होता. कारागिराने ब्रश उचलला नाही, केरोसीनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा ठेवून दिला, मग लाकडी टूथपिकने खरवडलं. पॉलिश करणाऱ्याचं चाक त्या कोपऱ्यात पोचलं नसावं, कारण दोन बारीक अक्षरं स्वच्छ निघाली. के आणि ए.

रेमिंग्टनने १९२१ पासून नळीवर महिना आणि सालाची अक्षरं मारायला घेतली. महिन्यांसाठी 'ब्लॅकपावडर' या इंग्रजी शब्दाची अक्षरं क्रमाने आणि बारावं एक्स. बी जानेवारी, एल फेब्रुवारी, ए मार्च, सी एप्रिल, के मे, असं. तर के म्हणजे मे. सालाचं अक्षर १९२१ ला एम पासून सुरू होतं, मधली काही गाळत १९३१ ला झेड, १९३२ ला परत ए, १९४२ ला एल, मग १९४३ पासून १९५३ पर्यंत दुहेरी अक्षरं, एमएम पासून झेडझेड, आणि १९५४ ला पुन्हा एकेरी ए. त्यामुळे ए म्हणजे १९३२, किंवा १९५४, किंवा १९८०. नुसता तक्ता बघणारा इथे हमखास अडकतो. पण हा नळा फक्त ८ किंवा ८१ वर बसतो आणि ८१ १९५० ला संपली, म्हणून १९५४ आणि १९८० बाद. राहिलं १९३२. आणि १९३२ ला ८१ जन्मली नव्हती.

म्हणजे मॉडेल ८? अजून नाही. अक्षरं नळीचं वय सांगतात, रायफलीचं नाही. नळी सुटी होणारी, आठची नळी नंतर कुणी दुसऱ्या रिसीव्हरवर चढवली असं होऊ शकतं, स्कूटरचं इंजिन बदलतात तसं. म्हणून शेवटचा पुरावा रिसीव्हरवरचा सीरियल नंबर. तो खोल मारलेला असल्याने वाचला होता, सत्तर हजारांच्या पुढचा. मॉडेल ८ तीस वर्षांत मिळून ऐंशी हजारांच्या आसपास बनल्या, त्यामुळे हा आकडा तिच्या शेवटच्या टप्प्यात पडतो, जिथे १९३० च्या सुरुवातीची वर्षं येतात. नळी, रिसीव्हर, फोटोतला सरळ दस्ता, पुढचं सडपातळ लाकूड, सगळे एकाच बाजूला बोलायला लागले तेव्हा आजींना सांगितलं, रेमिंग्टन मॉडेल ८, .३० रेमिंग्टन, नळी मे १९३२ ची आणि रायफलही त्याच सुमाराची.

पणजोबा पहिल्या महायुद्धातून घेऊन आले ही गोष्ट इथे मिटली. नातू जरा हिरमुसला. पण मला १९३२ जास्त रंजक वाटलं. मंदीचा कडेलोट, खाणी बंद पडतायत, रेमिंग्टन स्वतः इतकी अडचणीत की पुढच्याच वर्षी ड्यूपाँ कंपनीने तिचा ताबा घेतला, आणि अशा साली बनलेली महागडी ऑटोलोडिंग रायफल एका खाणकामगाराकडे. नवीन घेतली असेल असं वाटत नाही, पुढे कुणाकडून तरी जुनी घेतली असावी, आणि १९३८ मध्ये ती त्याच्याकडे होती एवढं फोटो सांगतो. बनली कधी आणि घरात आली कधी या दोन तारखा वेगळ्या, दुसरी नळीवर छापलेली नसते.

मग पुढे काय, यावर झालेली चर्चा

मुलाचं म्हणणं विकून टाका, आणि विकताना सांगा की टेक्सास रेंजर फ्रँक हॅमरकडे हीच रायफल होती, बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीला मारणाऱ्या तुकडीचा म्होरक्या तो. हॅमरकडे मॉडेल ८ होती हे खरं, पण ती .३५ ची, आणि असल्या जाहिरातीने या रायफलीचं काहीच बदलत नाही. शिवाय घासून परत निळी केलेली आणि दस्ता बदललेली, संग्राहक अशीला हात राखूनच भाव देतो.

नातवाला वाटत होतं पूर्ण नवी करून घेऊ, चकचकीत. कारागिराने आणि मी दोघांनी नको म्हटलं. जे काही आम्ही वाचू शकलो ते एका न घासलेल्या कोपऱ्यामुळे, अजून एकदा घासली की तेही जाणार. दस्ता मात्र बदलायला हरकत नव्हती, जुन्या भागांच्या बाजारात आठचा मूळ सरळ दस्ता मिळू शकतो, पण घरात बनवलेला दस्ता कुणी बनवला असेल या विचाराने आजींनी तो ठेवायला सांगितला.

शिकारीला वापरायचा प्रश्न नातवाने काढला. इथे ओळख पटवल्याचा खरा उपयोग झाला. ओहायोत हरणासाठी रायफल चालते पण काडतूस सरळ भिंतीचंच, म्हणजे पुढे मान न काढलेलंच लागतं, आणि .३० रेमिंग्टनला मान आहे, म्हणजे नाही. पेनसिल्वेनियात येऊन करू म्हणाला, तर इथे हरणाला सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे हिच्यासारखी दर गोळीनंतर आपोआप भरणारी रायफलच चालत नाही. दोन्ही दारं बंद. वर .३० रेमिंग्टन काडतूस दुकानात आता सहज मिळतच नाही, हौशी लोक स्वतः भरतात. गंमत म्हणजे अमेरिकन सैन्यासाठी अलीकडे काढलेलं ६.८ एसपीसी याच शंभर वर्षं जुन्या काडतुसावरून बेतलंय.

काय केलं आणि काय झालं

रायफल आजींकडून ओहायोतल्या नातवाकडे जायची होती. मुलगा म्हणाला वारसाने जातेय, गाडीत टाकून नेऊ. इथे मृत्युपत्र काढून बघितलं. त्यात सगळं बायकोच्या नावे. म्हणजे वारसाने आली ती आजींकडे, तिथे संपलं, नातवाला देणं ही आता एका राज्यातल्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या माणसाला दिलेली भेट, आणि ती लायसन्सवाल्या डीलरमार्फतच जावी लागते. आजोबांनी थेट नातवाच्या नावे लिहून ठेवली असती तर ही पायरी लागली नसती. आजींनी कारागिराकडूनच (तो डीलरही आहे) नातवाच्या गावच्या डीलरला पाठवली, तिथे नातवाने फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासणी झाली, मिळाली.

सोबत एक पान गेलं. मॉडेल, काडतूस, नळीवरची अक्षरं आणि त्यांचा अर्थ, साच्याची मापं, सीरियलवरून काढलेला अंदाज, फोटोची प्रत, दस्ता नंतरचा असल्याची नोंद. साच्याचा तो चंदेरी तुकडाही डबीत घालून दिला. दुकानाचं टॅग काढून टाकलं. .३०-३० चा खोका कारागिराने ठेवून घेतला, रायफलीबरोबर पाठवायचा नाही हे आजींच्या समोर ठरलं.

पुन्हा असं काही आलं तर

घरातली कागदं आधी बघेन. मृत्युपत्र आणि फोटो दोन्ही शेवटी शेवटी बाहेर आले, ते पहिल्याच दिवशी टेबलावर असते तर ८१ चा फाटा तिथेच कमकुवत झाला असता आणि नातवालाही आधीच सांगता आलं असतं की डीलर लागणार. मळ काढायच्या आधी सगळीकडचे तिरक्या उजेडातले फोटो काढून घ्यावेत, एखादं अक्षर टूथपिकखाली गेलं तर निदान फोटोत राहील. खडू बरा, वायर ब्रश आणि सँडपेपर घरातल्या कुणाच्याही हाती लागू देऊ नये, विशेषतः उत्साही मुलांच्या.

साचा घेण्याचा खर्च मात्र दरवेळी करावाच का, यावर माझं आणि कारागिराचं एकमत नाही. त्याचं म्हणणं अक्षरं वाचता येत असतील तर गरज नाही. मला वाटतं रायफल तीन हातांतून गेलेली असेल, घासलेली असेल आणि पुढचा मालक तरुण असेल तर करावाच, मग अक्षरं कितीही स्वच्छ असोत, कारण चेंबर नंतर कुणी बदलून घेतलं तरी वरचं छापील तसंच राहतं. मित्राने सध्या शिकारी सुरक्षेचा कोर्स लावलाय, लायसन्स काढायचं म्हणतोय. बायको म्हणते आधी लॉनमोवर दुरुस्त कर.